जीर्ण आणि उद्धार : इंगल्शमच्या चर्चच्या निमित्ताने



आजच्या व्याख्यानासाठी आम्ही एक अगदी लहान इमारत निवडली आहे. इंग्लंडमध्ये विल्टशर परगण्याच्या उत्तर टोकाला, थेम्सच्या काठी, इंगल्शम नावाचं ठिकाण आहे. गाव म्हणावं तर मोजकी घरं. तिथलं सेंट जॉन द बॅप्टिस्टचं चर्च बहुतांशी तेराव्या शतकातलं. त्याला उंच मनोरा नाही. छपरावर दोन घंटांपुरती एक छोटी कमान आहे, इतकंच. वास्तुकलेच्या इतिहासात क्रांती वगैरे करणारी ही वास्तू नव्हे. मग तिच्याविषयी तासभर बोलायचं कशाला?

आत जाऊन बघा. फरशी सपाट नाही. बसायला आहेत ते लाकडी कठड्यांचे जुने कप्पे, सरळ रांगेत न बसणारे. भिंतींवर मध्ययुगीन चित्रं आहेत, त्यांच्यावर चुना, चुन्यावर बायबलमधली वचनं, त्या वचनांवर पुन्हा चुना आणि पुन्हा नवी वचनं. काही ठिकाणी हे सगळे थर एकाच वेळी डोकावतात. एक वाचायला जावं तर दुसरं मध्ये येतं. शिवाय माता मेरी आणि बाळ येशू यांचं एक शिल्प आहे. वरून देवाचा हात त्यांच्याकडे आलेला. हे शिल्प सॅक्सन काळातलं, म्हणजे आज उभ्या असलेल्या चर्चपेक्षाही जुनं. पुढे ते दक्षिणेच्या बाहेरच्या भिंतीत बसवलेलं होतं, आणि तिथे कुणीतरी त्याच्यावर रेघा कोरून त्याचं चक्क सूर्यघड्याळ केलं! 1910 मध्ये ते आत आणलं गेलं. रेघा अजून आहेत.

आता आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे पहिला प्रश्न मनात येतो तो असा : यातलं ‘मूळ’ चर्च कुठलं? तेराव्या शतकातलं म्हणावं, तर शिल्प त्याच्या आधीचं. चित्रं मूळ म्हणावीत, तर वचनं पुसायची का? आणि सूर्यघड्याळाच्या रेघांचं काय, ती विटंबना की इतिहास?

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज वास्तुतज्ज्ञांकडे या प्रश्नाचं सोपं उत्तर होतं. एखादा काळ ‘शुद्ध’ मानायचा आणि नंतरची भर काढून टाकायची. जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट हे त्यातलं मोठं नाव. गिलावा खरवडला जाई, जुनी बाकं बाहेर जात, आणि जे कधी तसं नव्हतंच असं नवंकोरं मध्ययुग उभं राही. 1877 मध्ये ट्यूक्सबरीच्या जुन्या मठ-चर्चवर स्कॉट यांचं काम होणार असं कळलं, तेव्हा विल्यम मॉरिस यांनी जाहीर पत्र लिहून आवाज उठवला आणि त्याच वर्षी जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. खरवडण्याला विरोध म्हणून तिला ‘अँटी-स्क्रेप’ असं टोपणनाव पडलं. मॉरिस यांचं केल्म्स्कॉटचं घर इंगल्शमपासून जवळच. 1888-89 मध्ये त्यांच्या पुढाकाराने या चर्चची दुरुस्ती झाली. दुरुस्ती, नवनिर्मिती नव्हे. लक्षात घ्या, तरुणपणी पाद्री होण्याचा विचार केलेले मॉरिस तोवर श्रद्धेपासून दूर गेलेले समाजवादी होते. तरीही त्यांनी हे देवघर जपलं, कारण अनाम हातांचं श्रम त्यांना तिथे दिसत होतं.

पण मॉरिस यांनाही प्रश्न विचारले पाहिजेत. पहिला : सतराव्या-अठराव्या शतकातले लोक त्यांच्यासारखेच वागले असते, तर ती बाकं आणि ती वचनं तिथे आली असती का? भर घालण्याचा हक्क आधीच्या पिढ्यांना होता, मग पुढच्यांना का नाही? आम्हांला वाटतं, उत्तर भिंतीवरच आहे. ज्यांनी चुना लावला त्यांनी चित्रं झाकली. पण झाकली म्हणूनच ती काही अंशी टिकली. झाकणं आणि खरवडणं यांत फरक आहे. झाकलेलं पुढची पिढी उघडू शकते, खरवडलेलं कुणालाच परत आणता येत नाही. तेव्हा कसोटी जुन्या-नव्याची नाही. आपला निर्णय चुकला तर तो पुढच्यांना दुरुस्त करता येईल का, ही कसोटी.

दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे. इंगल्शमच्या चर्चला आता नियमित उपासकवर्ग नाही. अशा चर्चेससाठी 1969 मध्ये स्थापन झालेला एक न्यास ते सांभाळतो; त्याच्याकडे अशी साडेतीनशेहून अधिक चर्चेस आहेत. दगड वाचले, माणसं गेली. याला रक्षण म्हणायचं का? अर्धंच, असं आम्ही म्हणू. वापरात असलेल्या चर्चेससाठी तिथे वेगळी व्यवस्था आहे : बदल करायला चर्चच्याच न्यायव्यवस्थेची परवानगी लागते, आणि 1955 च्या कायद्यापासून दर पाच वर्षांनी तज्ज्ञाकडून तपासणी होते. म्हणजे उपासकांना हक्क आहे, पण एकट्यांना नाही.

आता आपल्याकडे या. 1958 चा केंद्राचा कायदा आहे, 1960 चा राज्याचा आहे. पण गावोगावची असंख्य छोटी देवळं, दर्गे, चर्चेस कुठल्याच यादीत नाहीत. तिथे चालतो तो ‘जीर्णोद्धार’. काळ्या पाषाणाला ऑइलपेंट, गाभाऱ्यात न्हाणीघरातल्या फरशा, वर सिमेंटचं शिखर. हे लोक अश्रद्ध नाहीत, उलट पोटाला चिमटा काढून वर्गणी देतात. म्हणून त्यांना हसू नये. पण शब्द तर नीट ऐका : जीर्ण आहे त्याचा उद्धार करायचा. आपण जीर्णाला घालवतो आणि उद्धार भलत्याचाच करतो.

फरशी दिली की संगमरवरी पाटीवर नाव लागतं. पावसाळ्यापूर्वी पन्हाळी साफ केली, दगडांच्या सांध्यातलं पिंपळाचं रोप वेळीच काढलं, तर नाव कुठेच लागत नाही. आणि देऊळ टिकतं ते याच दुसऱ्या कामामुळे. ज्या गावच्या विश्वस्त मंडळात वर्षातून एकदा शिडी लावून छप्पर बघणारा एक माणूस नेमला जाईल, त्या गावाला मॉरिस वाचायची गरज पडणार नाही. इतकं बोलून आम्ही थांबतो.