पायथॉन काढली, पण गेली का?

संगणकावर एखादी भाषा कशी बसवावी हे सांगणारी पुस्तके उदंड आहेत. ती उतरवावी कशी, यासाठी मात्र बहुतेक लेखक एक ओळ खर्च करतात : कंट्रोल पॅनेलमध्ये जा आणि 'अनइन्स्टॉल'वर क्लिक करा. विंडोजवरील पायथॉनपुरते बोलायचे तर हा सल्ला अर्धाच आहे, असे आम्हांला वाटते.

असे का, ते पाहू. पायथॉनचा जुना, नेहमीचा इन्स्टॉलर आपण ठेवलेल्या फाइलींची नोंद ठेवतो व जाताना तेवढ्याच उचलतो. पुढे 'पिप'ने घेतलेली पॅकेजेस त्या नोंदीत नसतात. म्हणून भाषा गेली तरी 'साइट-पॅकेजेस' हे फोल्डर भरलेलेच राहते. पिपची कॅश आणखी वेगळ्या जागी असते. 'पायथॉन लाँचर' यादीत स्वतंत्र नावाने बसलेला असतो; तोही वेगळा काढावा लागतो.

थोडी जागा अडली, इतकेच का? तसे नाही. समजा, शाळेत ३.११ ही आवृत्ती काढून त्याच जागी पुन्हा ३.११ बसवली. जुनी पॅकेजेस तिथे हजरच! विद्यार्थ्याचा प्रोग्रॅम शाळेत चालतो, घरच्या कोऱ्या संगणकावर अडतो, आणि दोष बिचाऱ्याच्या प्रोग्रॅमला लागतो. प्रयोगशाळेत न धुतलेल्या परीक्षानळीत पुढचा प्रयोग कोणी करील काय?

इन्स्टॉलरचा नियम मात्र आम्ही चूक मानत नाही. जे आपण ठेवले नाही त्याला हात लावू नये, हे शहाणपणाचेच आहे. त्या फोल्डरमध्ये एखाद्या मुलाचा गृहपाठही असू शकतो. तक्रार आहे ती मौनाची. 'अमुक फाइली मागे राहिल्या आहेत' एवढे सांगायला काय हरकत होती?

याहून वाईट सल्ला म्हणजे फोल्डरच डिलीट करण्याचा. तसे केल्यास विंडोजच्या रजिस्ट्रीत नोंद राहते आणि पुढे काढणेही अडते, बसवणेही. असे झालेच असेल, तर त्याच आवृत्तीचा इन्स्टॉलर चालवून आधी 'रिपेअर' करावे, मग काढावे. रीतसर क्रम असा : 'पिप फ्रीझ'ने पॅकेजेसची यादी जपून ठेवावी, भाषा व लाँचर काढावेत, आणि उरलेले फोल्डर नीट पाहूनच पुसावे. जुन्या पायथॉनवर उभारलेली आभासी पर्यावरणे यानंतर चालणार नाहीत, हेही ध्यानात असू द्यावे.

एक गंमत. सगळे साफ केल्यावरही 'पायथॉन' टाइप केले, की मायक्रोसॉफ्टचे दुकान उघडते! हा अवशेष नव्हे. २०१९ पासून विंडोज १० मध्येच ती सोय आहे.

उबुंटू वापरणाऱ्या शाळांनी मात्र यातले काहीच करू नये. तिथली मूळ पायथॉन ३ ही प्रणालीच्या कितीतरी भागांचा आधार आहे. ती काढायला गेल्यास डेस्कटॉपही तिच्याबरोबर जाऊ शकतो.