‘राहण्याजोगा’ कोणासाठी? : रॉबिन्सन यांच्या मंगळ-त्रयीतील एक अनिर्णित वाद

प्रतिकूल ग्रह मानवाला राहण्याजोगा करण्याच्या प्रक्रियेसाठी रूढ झालेला ‘टेराफॉर्मिंग’ हा शब्द मुळात साहित्यातला. जॅक विल्यमसन यांच्या १९४२ मधील कथेत तो प्रथम आला. १९६१ मध्ये कार्ल सेगन यांनी शुक्राच्या वातावरणात शैवाल सोडण्याची कल्पना वैज्ञानिक लेखातून मांडली. किम स्टॅन्ली रॉबिन्सन यांच्या ‘रेड मार्स’ (१९९२), ‘ग्रीन मार्स’ (१९९३) आणि ‘ब्लू मार्स’ (१९९६) या त्रयीत मात्र ‘हे कसे करावे’ या प्रश्नाइतकाच ‘हे का करावे’ हा प्रश्नही केंद्रस्थानी येतो.

सॅक्स रसेल या शास्त्रज्ञाच्या मते मंगळाला अर्थ लाभतो तो मानवी जाणिवेमुळे. म्हणून तेथे जीवन पसरवणे इष्टच. भूशास्त्रज्ञ अ‍ॅन क्लेबोर्न हिला तो ग्रह आहे तसाच हवा आहे. वादविवादात अ‍ॅनची बाजू दुबळी पडते. परंतु खडक, दऱ्या आणि धूळ यांची प्रदीर्घ, संथ वर्णने करणारे निवेदन तिच्या बाजूने साक्ष देत राहते. पात्राला जे सिद्ध करता येत नाही ते शैली सिद्ध करते, हे या त्रयीचे खरे सामर्थ्य होय. छळानंतर सॅक्सची वाचा जाते, ही घटनाही या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. जगाला नावे देणारी त्याची भाषा मोडते; पुढे अ‍ॅनखातर तो सूर्यप्रकाश वाढवणारा अवकाशातील आरसा हटवण्यास प्रवृत्त होतो.

शेवट मात्र या सामर्थ्याशी प्रामाणिक राहत नाही. अ‍ॅन आणि सॅक्स यांचे मनोमीलन होते, समुद्रकिनारी मुले खेळतात आणि दोन व्यक्तींमधील समेट हाच वादाचा निकाल ठरतो. ज्याच्या वतीने अ‍ॅन बोलत होती तो निर्जीव ग्रह या समेटात पक्षकारच उरत नाही.

मंगळावर सहज उपलब्ध होणारा कार्बन डायऑक्साइड पुरेशा उष्णतेसाठी अपुरा आहे, असा निष्कर्ष जाकोस्की आणि एडवर्ड्‌स यांनी २०१८ मध्ये मांडला. त्यामुळे कादंबरीतील अभियांत्रिकीचा आधार डळमळतो, पण तिने उभा केलेला प्रश्न डळमळत नाही. जमिनीला ‘पडीक’ म्हणताना आपण कसणाऱ्याची दृष्टी गृहीत धरतो. ‘राहण्याजोगा’ या विशेषणातही राहणारा असाच दडलेला असतो. त्याला उघड करणे हे या त्रयीचे श्रेय. अखेरीस त्याला पुन्हा झाकणे ही तिची मर्यादा.