प्रशिक्षक बदलला म्हणून संघ जिंकला का?

मँचेस्टर युनायटेडच्या चाहत्यांमध्ये एक वाद अजूनही पेटतो: मार्च 2019 मध्ये ओले गुन्नार सोल्शायरला कायम केलं, ते बरोबर होतं का? बाजूने बोलणाऱ्यांचा पुरावा ठरलेला. डिसेंबर 2018 मध्ये मोरिन्होला काढलं, ओले हंगामी प्रशिक्षक म्हणून आला आणि 19 पैकी 14 सामने जिंकला. आणखी काय पाहिजे?

पाहिजे ती तुलना. मोरिन्हो गेला तेव्हा लीगच्या 17 सामन्यांत 26 गुण होते. पण आदल्या हंगामात त्याच माणसाच्या हाताखाली 81 गुण आणि दुसरा क्रमांक होता. म्हणजे संघ स्वतःच्या नेहमीच्या पातळीच्या बराच खाली घसरला होता. प्रशिक्षकाला काढतात तेही नेमकं अशाच वेळी; सगळं छान चाललेलं असताना कोण काढतंय? तळाशी असताना मोजायला सुरुवात केली, की पुढचे आकडे बरे दिसण्याची शक्यता मुळातच जास्त. यालाच रिग्रेशन टू द मीन, सरासरीकडे परतणं म्हणतात. सर्वांत कमी गुणांची मुलं निवडून त्यांच्यावर उपक्रम राबवायचा आणि नंतर वाढलेले गुण दाखवायचे, अशा प्रस्तावातही हाच घोळ असतो.

विरोधी गट काय करतो? कायम झाल्यावर हंगामातल्या उरलेल्या 10 सामन्यांत दोनच विजय, हा आकडा तोंडावर फेकतो. पण नेमणूक झाली ती संघ ऐन भरात असताना. चूक तीच, फक्त दिशा उलटी!

'सुरुवातीचे संघच सोपे होते' हे त्यातल्या त्यात बरं उत्तर. पहिले दोन सामने कार्डिफ आणि हडर्सफील्डशी, 5-1 आणि 3-1 ने जिंकले. दोन्ही संघ त्याच हंगामात खालच्या लीगमध्ये गेले. गंमत म्हणजे हंगामातले शेवटचे दोन सामनेही याच दोघांशी होते. हडर्सफील्डशी 1-1 बरोबरी, कार्डिफकडून 0-2 हार. तेव्हा हेही उत्तर पुरेसं नाही.

बास तेर वेल या अर्थशास्त्रज्ञाने 1986 ते 2004 मधल्या डच लीगचा अभ्यास करताना मला आवडणारी युक्ती केली. प्रशिक्षक बदललेल्या क्लबांशेजारी त्याने तशीच घसरण होऊनही प्रशिक्षक न बदललेले क्लब ठेवले. सुधारणा दोन्हीकडे दिसली. बदलाचं श्रेय तिथेच पातळ झालं.

तरी हा अभ्यास डोळे मिटून घेऊ नका. प्रशिक्षक ठेवायचा की काढायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं. ज्यांनी ठेवला, त्यांना कदाचित माहीत असेल की घसरण दुखापतींमुळे आहे, ती भरून निघेल. मग दोन गट दिसायला सारखे, आतून वेगळे. शिवाय निष्कर्ष अनेक क्लबांच्या सरासरीचा आहे. मोरिन्हो राहिला असता तर त्या 19 सामन्यांत काय झालं असतं, हे त्या सरासरीतून काढता येत नाही.