पोवेल्याची उसनी भुतं

व्हेनिसच्या लगूनमधलं पोवेल्या बेट. तिथे जायला अनेक वर्षं बंदी होती, त्यामुळे गोष्टींना मोकळं रान. प्लेगचे हजारो मुडदे, वेडा डॉक्टर, रात्री वाजणारी घंटा... तुम्ही व्हिडिओ पाहिले असतीलच. आता गोष्ट म्हणून ती तपासू या. व्हेनिसचं प्लेगचं इस्पितळ १४२३ साली उघडलं ते लाझ्झारेत्तो वेक्यो या दुसऱ्या बेटावर. खोदकामात सामूहिक कबरी सापडल्या त्याही तिथेच. पोवेल्यावर जहाजांचं क्वारंटाइन सुरू झालं थेट १७९३ मध्ये. म्हणजे मुडदे चक्क शेजारून उसने आणलेत!

पण मला जास्त खटकतं ते पुढचं. १९२२ पासून १९६८ पर्यंत तिथे इस्पितळ होतं, म्हातारी माणसं होती. ती काय खायची, त्यांना भेटायला कोण यायचं? गोष्टीला फक्त डॉक्टर हवाय.

आणि २०१४ चा लिलाव तर कुठेच येत नाही. सरकारनं बेट ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर काढलं. ते खासगी होऊ नये म्हणून व्हेनिसकरांनी वर्गणी गोळा केली. सर्वांत मोठी बोली ५,१३,००० युरोंची. सरकारनं ती अपुरी म्हणून नाकारली. बोली लावणारे उद्योजक लुईजी ब्रुन्यारो पुढच्याच वर्षी व्हेनिसचे महापौर झाले.