पावणेअठरा फूट, सहा इंचांत

चार वर्षांपूर्वी फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर मला पोस्टकार्डांचं एक जुनं पुस्तक मिळालं. दीडशे रुपयांत. पानं फाडून टपालात टाकता येतील असं. आधीच्या मालकाने सात-आठ कार्डं कुणाकुणाला पाठवलेलीही होती. उरलेल्यांत मार्क रॉथ्को, बार्नेट न्यूमन, जॅक्सन पोलॉक, ॲड राइनहार्ट, ईव्ह क्लाइन. म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमूर्त चित्रकलेतली मोठमोठी नावं, प्रत्येकी सहा बाय चार इंचांत. मी ती हॉस्टेलच्या कपाटाच्या दारावर चिकटवली आणि दोन वर्षं रोज त्यांच्यासमोर चहा प्यायलो.

मग एका गप्पांच्या बैठकीत मी रॉथ्कोबद्दल जरा ठासून बोललो. एकाने शांतपणे विचारलं, “मूळ चित्र पाहिलंयस?” नव्हतं पाहिलं. मी गप्प बसलो. पण घरी येताना राग आला. न्यूयॉर्कचं तिकीट आणि व्हिसा ज्यांच्याकडे नाही, त्यांनी या चित्रांबद्दल बोलायचंच नाही का?

त्या रात्री कार्डं दारावरून काढली आणि पहिल्यांदाच नीट उलटून पाहिली. मागे बारीक अक्षरांत नाव, साल, माध्यम आणि माप. न्यूमनचं ‘विर हिरोइकस सब्लिमिस’, १९५०-५१, २४२.२ × ५४१.७ सेंटिमीटर. साधारण आठ फूट उंच, पावणेअठरा फूट लांब. रूममेटकडे गवंडीकामाचा टेप होता. आम्ही भिंत मोजायला घेतली. भिंत साडेदहा फुटांवर संपली. उरलेलं चित्र दाराबाहेर, पॅसेजमध्ये, शेजारच्यांच्या चपलांच्या स्टँडपर्यंत गेलं. रूममेट म्हणाला, “अरे, हे चित्र नाही, ही तर गल्ली आहे!”

माझ्या मते त्या चित्रावरची ती बरी टीका होती. १९५१ साली न्यूयॉर्कच्या बेटी पार्सन्स गॅलरीत न्यूमनची मोठी चित्रं लागली, तेव्हा ती लांबून नव्हे तर जवळून बघावीत अशी सूचना त्याने लावली होती. लाल रंग डोळ्यांच्या दोन्ही कडांपलीकडे जावा आणि त्यातल्या पाच उभ्या रेघा माणसासारख्या समोर उभ्या राहाव्यात, हा त्याचा बेत. कार्डावर तेच चित्र वर-खाली पांढऱ्या पट्ट्या सोडून बसवलंय. रेघा सुईच्या ओरखड्याएवढ्या. एका नजरेत सगळं दिसतं, आणि नेमकं तेच न्यूमनला नको होतं.

सगळी चित्रं सारखी बिघडत नाहीत. पोलॉकने कॅनव्हास जमिनीवर पसरून, वरून रंग ओघळवून काढलेलं ‘वन: नंबर ३१, १९५०’ सुमारे नऊ फूट बाय साडेसतरा फुटांचं आहे. कार्डावर ते सोफ्याच्या कापडासारखं दिसतं. राइनहार्टच्या पाच फूट चौरस काळ्या चित्रांत लालसर, निळसर, हिरवट छटांचे नऊ चौकोन दडलेले असतात. डोळा सरावल्यावर ते हळूहळू वर येतात. छपाईत एक तर सपाट काळा ठोकळा उरतो, नाहीतर छटा वाढवून चौकोन आयतेच हातात दिले जातात. क्लाइनच्या निळ्याचंही तसंच. रंगाची पूड कोरडी, मखमली दिसत राहावी म्हणून त्याने खास राळ वापरली होती. तो निळा चार शाईंच्या छपाईत येत नाही, वर कार्डाला चकाकी.

तरी ही कार्डं उघडपणे हरतात, म्हणून ती मला चालतात. माझी खरी तक्रार रॉथ्कोच्या कार्डाबद्दल आहे. ते सुंदर दिसतं. दोन मऊ आयत, केशरी आणि मरून, अगदी वॉलपेपर करावं असं. मोठी चित्रं आपण जवळिकीसाठी काढतो, असं रॉथ्को म्हणायचा. माणूस चित्राच्या आत असावा, त्याने वरून बघू नये. कार्ड हातात धरलं की आपण वरूनच बघतो. त्यामुळे काही चुकतंय असं वाटतच नाही. मी बैठकीत ठासून बोललो होतो तो त्या सुंदर दिसण्याच्या जोरावर, हे आता मान्य करतो.

म्हणजे विचारणारा बरोबर होता? अर्धा. हार्वर्ड विद्यापीठासाठी रॉथ्कोने पाच भित्तिचित्रं केली, ती १९६४ साली लागली. त्यातला एक लाल रंग उन्हात उडाला आणि १९७९पर्यंत ती उतरवावी लागली. २०१४ साली ती पुन्हा दाखवली, तेव्हा संवर्धकांनी कॅनव्हासला हात न लावता प्रोजेक्टरच्या प्रकाशाने गेलेला रंग त्यांवर टाकला. मूळ रंग कळला कसा? १९६४ सालच्या जुन्या पारदर्शिकांवरून. त्याही फिक्या पडल्या होत्या, त्या आधी दुरुस्त केल्या. मूळ चित्र हरवलं होतं ते नकलेने परत दिलं.

गेल्या वर्षी मुंबईत एका संग्रहालयात वासुदेव गायतोंडे यांचं एक चित्र पाहिलं. गायतोंडे स्वतःच्या कामाला अमूर्त म्हणत नसत. रोलर आणि सुरीने रंगाचे थर चढवायचे, उतरवायचे, ही त्यांची पद्धत. दोन पावलं डावीकडे सरकलो तर थराखालचा थर दिसायला लागला. फोन काढून फोटो घेतला. त्यात भिंतीवरचा ओलावा आला होता, चित्र नव्हतं. पण मी सरकलो का? कारण कार्डांनी दोन वर्षं मला एवढंच शिकवलं होतं की समोर दिसतंय ते पुरेसं नाही.

आता कुणी विचारलं तर सांगतो: न्यूमन पाहिला नाही, मोजला आहे. त्याच्या लालाबद्दल मी बोलणार नाही, त्याच्या लांबीबद्दल बोलू शकतो. तुमच्या फोनवर ही चित्रं पोस्टकार्डाहून उजळ दिसतात आणि बोटांनी मोठीही करता येतात, पण त्यांचं माप बहुतेक वेळा सोबत येत नाही. पुढच्या वेळी एखादं आवडलं तर आधी ते शोधा. मग टेप घ्या आणि घरातली सगळ्यात लांब भिंत गाठा. कमी पडली तर दार उघडा.