रोहिणीची ‘भित्ती’ आणि प्राणवायूचा ‘पुरवठा’

शास्त्रीय निबंधातील संज्ञा म्हणजे नुसत्या खुणा होत, विषयाच्या आशयावर त्यांचा काही परिणाम होत नाही, अशी एक समजूत रूढ आहे. गणिती निबंधांच्या बाबतीत तर ती अधिकच दृढ असते. कारण तेथे समीकरण बोलते आणि शब्द केवळ त्याच्या सेवेस उभे असतात, असे मानले जाते. रोगग्रस्त रोहिणीच्या भित्तीस प्राणवायू कितपत पोचतो याची संगणकाच्या साहाय्याने गणना करणारे जे वाङ्मय गेल्या काही दशकांत निर्माण झाले आहे, ते या समजुतीची परीक्षा घेण्यास फार सोयीचे आहे. त्यातही मूर आणि एथिअर यांचा १९९७ सालचा निबंध विशेष लक्ष देण्याजोगा आहे. कारण एका शब्दाचा अर्थ पालटल्याबरोबर निष्कर्ष कसा पालटतो, हे त्यात स्पष्ट दिसते.

नावांत सिद्धान्त दडलेले असतात हे या विषयात नवे नाही. ‘धमनी’ हा शब्द फुंकणे या अर्थाच्या धातूपासून आलेला आहे; ज्या ग्रीक शब्दापासून ‘आर्टरी’ हे नाव आले तो श्वासनलिकेलाही लावला जात असे. रोहिण्यांतून रक्त नव्हे, प्राणतत्त्व वाहते, असे एरासिस्ट्राटस मानीत असे, आणि ते मत गेलेनला खोडून काढावे लागले. मराठी पाठ्यपुस्तकांतील ‘रोहिणी’ आणि ‘नीला’ ही जोडी त्या मानाने निरुपद्रवी. तिने केवळ रंग सांगितला. ‘भित्ती’ हा शब्द मात्र तितका निरुपद्रवी नाही. भिंत अडविते आणि धरून ठेवते. ती श्वास घेत नाही.

वस्तुतः रोहिणीची भित्ती ही जिवंत पेशींची आहे आणि तिला प्राणवायू लागतो. आतील भागास तो वाहत्या रक्तातून विसरणाने मिळतो. मोठ्या रोहिण्यांच्या बाहेरील भागास ‘वाहिन्यांच्या वाहिन्या’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून मिळतो. दोन्हींच्या मधला प्रदेश सर्वांत अडचणीचा, आणि भित्ती जाड झाली की ही अडचण वाढते. अशा प्रश्नाचे गणित प्रथम नीट मांडले गेले ते मोठ्या रोहिणीसाठी नव्हे, स्नायूंतील केशवाहिनीसाठी. १९१९ साली क्रोग याने ते मांडले आणि त्यातील सूत्र त्याला एर्लांग या गणितज्ञाने दिले. (हा एर्लांग कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करीत होता, हा योगायोग मोठा मनोज्ञ आहे.) त्या सूत्रात मध्यभागी वाहिनी आणि सभोवती तिच्यावर जगणारा स्नायू अशी कल्पना आहे. देणारा आणि खर्चणारा दोघेही तेथे एकाच समीकरणात नांदतात.

मोठ्या रोहिण्यांच्या अभ्यासात ही एकत्र कल्पना विसकटली. १९६९ साली कॅरो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी रोगाच्या जागा आणि भित्तीलगतच्या प्रवाहाचे घर्षण यांचा संबंध दाखविल्यापासून अभ्यासकांचे लक्ष प्रवाहावर खिळले, आणि ते योग्यच होते. तथापि प्रवाहाचे गणित करणाऱ्याच्या दृष्टीने भित्ती म्हणजे जेथे त्याचे समीकरण संपते ती सीमा. त्या सीमेवर प्राणवायूचे एखादे ठराविक मूल्य गृहीत धरले की काम भागते. ‘भित्ती’ हा शब्द येथे इतका चपखल बसतो की गृहीत कोठे शिरले ते कळतही नाही.

मूर आणि एथिअर यांचे श्रेय हे की त्यांनी भित्तीला पुन्हा ऊतकाचा दर्जा दिला. त्यांच्या प्रतिमानात रोहिणीचे छेदक्षेत्र ८९ टक्क्यांनी आकुंचित झालेले आहे. रक्तातील हीमोग्लोबिनने वाहिलेला प्राणवायू हिशेबात धरला आहे. भित्तीची जाडी निरनिराळी घेतली आहे. आणि भित्तीतील व्यय व रक्तातील प्रवाह यांची सांगड घातली आहे. उत्तर काय आले? प्राणवायूचे वहन मुख्यतः भित्तीच्या बाजूने ठरते. प्रवाहाचे काम दुय्यम असून त्याच्यामुळे अंतःस्तरातील प्राणवायूच्या ताणात स्थानपरत्वे फार तर ५ ते ६ मिलिमीटर पाऱ्याइतका फरक पडतो. रोहिणीतील रक्तात हा ताण सुमारे ९५ ते १०० मिलिमीटर असतो, हे लक्षात घेतले म्हणजे ‘दुय्यम’ या शब्दाचे वजन कळते.

आणि तरीही या सगळ्या व्यवहाराचे नाव ‘पुरवठा’च राहिले. पुरवठ्याच्या वाक्यात कर्ता रक्त असते आणि भित्ती चतुर्थीत उभी असते : भित्तीला प्राणवायू मिळतो. गणनेचा निष्कर्ष मात्र नेमका उलटा आहे; जी चतुर्थीत उभी आहे तीच व्यवहार ठरविते. संज्ञेचे व्याकरण आणि समीकरणाचे व्याकरण यांची येथे फारकत झाली आहे, आणि वाचक बहुधा संज्ञेच्या मागे जातो. अरुंद झालेला मार्ग रुंद केला की भित्तीची उपासमार संपेल, हा ग्रह त्यातूनच उत्पन्न होतो. वरील आकडे मानले तर मार्ग रुंद केल्याने पुढच्या अवयवाला लाभ होईल; खुद्द भित्तीला होणारा लाभ त्या ५-६ मिलिमीटरांच्या घरातलाच राहील.

दोष काढावयाचा तो ‘रोगग्रस्त’ या विशेषणाबाबत. या गणितात रोग शिरतो तो मुख्यतः आकाराच्या रूपाने : मार्ग अरुंद, भित्ती जाड. २००८ साली नेदरलंड्समधील संशोधकांनी शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णांना प्राणवायूची न्यूनता दाखविणारे द्रव्य देऊन मानेतील रोहिणीचे काढलेले थर तपासले, तेव्हा न्यूनता विशेषतः भक्षक पेशींनी दाटलेल्या गाभ्यात आढळली. आणि जेथे नव्या सूक्ष्म वाहिन्या फुटल्या होत्या तेथे तिचा संबंध दिसला. म्हणजे अंतराइतकाच प्रश्न तेथे राहणाऱ्यांच्या भुकेचा आहे. निरोगी भित्ती ताणून जाड केली म्हणजे ती रोगी होत नाही. तिच्यातील रहिवासी बदलावे लागतात, आणि त्यांच्या व्ययाचा आकडा प्रतिमानाला बाहेरूनच पुरवावा लागतो. भित्तीची बाजू निर्णायक आहे असे एकदा सिद्ध झाल्यावर हाच आकडा सर्वांत जोखमीचा ठरतो.

रोहिणीकाठिण्याचे मूळच प्राणवायूच्या न्यूनतेत आहे, असे ह्यूपर याने १९४४ साली प्रतिपादिले होते. त्या मताला या गणनांचा आधार मिळाला असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु ‘न्यूनतेमुळे रोग’ आणि ‘रोगाबरोबर न्यूनता’ या दोन वाक्यांतील भेद ज्या काळाने ठरेल तो काळ या समीकरणांत नाही. फार तर हृदयाच्या एका ठोक्याचा काळ त्यांत सामावतो. थर साचण्यास मात्र दशके लागतात.