परका झालेला पाय

पायाचें मोडलेलें हाड सांधलें कीं मनुष्य चालूं लागला, असा सर्वसाधारण समज आहे. प्लास्टर निघतें, डॉक्टर निरोप देतात, घरची मंडळी निश्चिंत होतात; परंतु कुबड्या बाजूस ठेवून पहिलें पाऊल टाकावयाचें कसें, हा प्रश्न रोग्यापुढें तेव्हांच उभा राहतो. ह्या उपेक्षित प्रश्नावरील ग्रंथ म्हणून ऑलिव्हर सॅक्स (१९३३-२०१५) ह्यांच्या ‘अ लेग टु स्टँड ऑन’ (१९८४) ह्या इंग्रजी पुस्तकाकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

ग्रंथकार स्वतः मज्जातंतूंच्या रोगांचे डॉक्टर. १९७४ सालीं नॉर्वेंतील एका डोंगरावर ते एकटेच चढत असतां वाटेंत बैल दिसला. भयानें पळतांना ते कोसळले आणि डाव्या मांडीच्या स्नायूची कंडरा गुडघ्यापाशीं तुटली. येथें हाड मोडलें नव्हतें, हें खरें. पण पुढील हकीकत नडगी मोडलेल्यासही आपलीच वाटेल. लंडनमध्यें शस्त्रक्रिया होऊन कंडरा जोडली गेली. शस्त्रवैद्याच्या मतें सर्व कांहीं ठीक होतें; रोग्यास मात्र तो पाय आपला वाटेना. त्याची ही तक्रार कोणी मनावर घेतली नाहीं.

ग्रंथाचें सारें बळ ह्या विसंवादांत आहे. प्रथम उभें राहतांना पाय क्षणांत लांब, क्षणांत आखूड भासतो. प्रत्येक पाऊल विचारपूर्वक टाकावें लागतें. मग मनांत मेंडेल्सोनच्या व्हायोलिन-रचनेचे स्वर घुमूं लागतात, आणि पाऊल आपोआप पडतें! ताल हा चालण्याचा अलंकार नसून प्राण आहे, हें येथें सिद्धान्तरूपानें न सांगतां प्रत्यक्ष घडतांना दाखविलें आहे.

शेवटीं मात्र कान्टच्या तत्त्वज्ञानाचा आधार घेऊन लेखक ह्या अनुभवाची उपपत्ति मांडूं लागतो, व ग्रंथ जड होतो. जें पावलानें पटविलें, तें पुन्हां तर्कानें पटविण्याची गरज नव्हती. शिवाय ग्रंथकारास विश्रांतिगृहांत सवडीनें बरें होतां आलें. हातावर पोट असणाऱ्या मजुरास ती सवड कोठून मिळावी? ह्याचा विचार आम्हांस अपुरा वाटला.

तथापि हाड जुळवून देणें हें शस्त्रवैद्याचें काम असलें, तरी पाय परत मिळविणें हें रोग्याचेंच काम आहे, आणि त्यासही तितक्याच साहाय्याची गरज असते, ही गोष्ट हा ग्रंथ मनावर ठसवितो. रोग्यांनीं तो वाचावाच. परंतु त्यांच्याआधीं डॉक्टरांनीं वाचावा, अशी आमची शिफारस आहे.